डिकँटरच्या विअर प्लेटवर पेटंटची नोटीस: उत्तर देण्याआधी काय तपासायचं?

भोसरी_शाफ्ट (प्रश्न)

वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत. काम डिकँटर सेंट्रिफ्यूजचं (वेगाने फिरवून द्रवातून घन वेगळं करणारं मशीन) रिकंडिशनिंग: स्क्रोलचं (आतला, घन ढकलत नेणारा स्क्रू) हार्डफेसिंग (झिजू नये म्हणून कठीण धातूचा थर), टंगस्टन कार्बाइडच्या टाइल्स, गिअरबॉक्स, बेअरिंग, बॅलन्सिंग. गिऱ्हाईक मुख्यतः डिस्टिलऱ्या (स्पेंटवॉश, म्हणजे तिथलं सांडपाणी) आणि एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्रं). शिवाय एक रेट्रोफिट विकतो. द्रव बाहेर पडणाऱ्या टोकाला साध्या विअर प्लेटऐवजी (जिच्या कडेवरून द्रव सांडतो ती पट्टी) चार ब्लॉक बसवतो. ब्लॉकमधलं भोक बाऊल (मशीनचा फिरणारा पिंप) फिरतो त्याच्या उलट दिशेला तोंड करून आहे, त्यामुळे मेन मोटरचे अँपिअर कमी होतात.

एका परदेशी उत्पादकाच्या वकिलांची नोटीस आली आहे. आरोप तीन: रेट्रोफिट ब्लॉकमुळे पेटंटचा भंग होतो, स्क्रोल दुरुस्त करणं म्हणजे "मशीन नव्याने बनवणं", आणि आम्ही त्यांची ड्रॉइंग्ज कॉपी केली. नोटिशीची प्रत आमच्या दोन गिऱ्हाइकांनाही पाठवली आहे. नोटिशीत एक युरोपियन नंबर आहे आणि एक भारतीय.

भारतीय पेटंटचा पहिला क्लेम थोडक्यात असा: (क) आडव्या अक्षाभोवती फिरणारा बाऊल, (ख) त्यात वेगळ्या गतीने फिरणारा स्क्रोल, (ग) द्रवाच्या टोकाला किमान एक आउटलेट हाउसिंग, जे बाऊलच्या अक्षाला समांतर अशा स्वतःच्या अक्षाभोवती वळवता येतं, (घ) त्या हाउसिंगच्या बाजूला तोंड, ज्यातून द्रव फिरण्याच्या उलट दिशेला फेकला जातो, (ङ) हाउसिंग वळवलं की विअरच्या कडेची त्रिज्या, म्हणजे पाँडची (बाऊलमध्ये साठलेल्या द्रवाची) पातळी, बदलते.

आमचे ब्लॉक वळत नाहीत, दोन बोल्टवर घट्ट असतात. पण "द्रव उलटा फेकणं" हेच त्यांचं पेटंट आहे असं नोटीस म्हणते. आता उत्तर कसं द्यायचं? रेट्रोफिट थांबवायचं का? गिऱ्हाइकांना काय सांगायचं?

---

क्लेमवाली

नोटिशीतलं वर्णन बाजूला ठेवा. पेटंटचा सारांश आणि चित्रंही बाजूला ठेवा. हक्क फक्त क्लेममध्ये लिहिलेल्या गोष्टीवर असतो आणि भंग सिद्ध व्हायला क्लेममधला प्रत्येक घटक तुमच्या मशीनमध्ये सापडावा लागतो. एक जरी नसला, तरी शब्दशः भंग होत नाही.

पण त्याआधी तासाभराचं एक काम करा. मुंबईच्या (अँटॉप हिलच्या) कार्यालयात जायची गरज नाही, पेटंट ऑफिसच्या इनपास सर्चवर नंबर टाकून सगळं मोफत दिसतं.

१. पेटंट जिवंत आहे का. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते, मंजुरीपासून नाही. पीसीटी (आंतरराष्ट्रीय अर्जाच्या) मार्गाने आलेला अर्ज असेल तर आंतरराष्ट्रीय अर्जाची तारीख धरायची. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण शुल्क लागतं. उशीर झाला तर सहा महिन्यांची सवलत, त्यानंतर पेटंट संपुष्टात येतं. ते १८ महिन्यांच्या आत अर्ज करून परत उभं करता येतं, पण मधल्या काळात ज्याने काम सुरू केलं त्याला पेटंट कायद्याच्या कलम ६२ खाली संरक्षण मिळतं. म्हणून ई-रजिस्टरचं पान आजच्या तारखेसह डाउनलोड करून ठेवा.

२. मंजूर झालेले क्लेम कोणते. अर्जासोबतचे आणि मंजूर झालेले क्लेम बहुतेक वेळा वेगळे असतात. पहिला परीक्षण अहवाल आणि त्याला अर्जदाराने दिलेलं उत्तर नक्की वाचा. (ग) आणि (ङ), म्हणजे "वळवता येणारं" आणि "पातळी बदलते" हे शब्द अर्जदाराने परीक्षकाची हरकत टाळण्यासाठी नंतर घातले असतील, तर आता "वळवणं महत्त्वाचं नाही" असं म्हणणं त्यांना फार जड जाईल.

३. फॉर्म २७. पेटंट भारतात वापरात आहे की नाही याचं निवेदन. २०२४ च्या नियमांनंतर ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावं लागतं. "वापरात नाही" असं त्यांनीच लिहिलं असेल तर तात्पुरत्या मनाई हुकुमाला विरोध करताना ते कामी येतं.

युरोपियन नंबरचा भारतात काही उपयोग नाही. मात्र ब्लॉक बसवलेलं मशीन युरोपात निर्यात करत असाल, तर तो नंबर तुमच्यासाठी खरा आहे.

आणि "आमचे ब्लॉक वळत नाहीत" एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. ते म्हणतील, तुम्ही वेगळ्या उंचीचा ब्लॉक लावून पातळी बदलता, म्हणजे तेच काम वेगळ्या मार्गाने होतं. याचं उत्तर इंजिनिअरिंगमधून द्यावं लागेल.

---

स्क्रोल_आणि_बाऊल

ते उत्तर आकड्यांत देतो, कारण न्यायालयात तज्ज्ञाच्या शपथपत्रात हेच लागेल.

३५० मिमीचा बाऊल, ३,२०० आरपीएम, भोकाची त्रिज्या ११० मिमी, फ्लो १० घनमीटर प्रति तास, असं धरू. द्रव अक्षाजवळ आत येतो आणि ११० मिमीवर बाहेर पडतो. तिथे बाऊलचा वेग साधारण ३७ मीटर प्रति सेकंद. द्रवाला तो वेग देण्यासाठी मोटर देते ती पॉवर म्हणजे वस्तुमान-प्रवाह गुणिले वेगाचा वर्ग: २.७८ × १,३६०, म्हणजे सुमारे ३.८ किलोवॅट. साध्या विअरवरून द्रव सांडतो तेव्हा ही सगळी पॉवर वाया जाते.

आता पाँडचा पृष्ठभाग १०० मिमीवर असेल, तर भोकामागे १० मिमी द्रवाची उंची आहे. तिथलं बल गुरुत्वाकर्षणाच्या हजार-बाराशे पट असल्यामुळे एवढ्या उंचीवरही द्रव १५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास बाहेर पडतो. तो उलट दिशेला, स्पर्शरेषेला २० अंश ठेवून सोडला तर हिशेबाने १.४ किलोवॅटच्या जवळपास परत मिळतं. घर्षण धरून एक किलोवॅट मिळालं तरी बरं.

यात नवीन काय? द्रव मागे फेकून पॉवर वाचवणं नवीन नाही. यीस्ट आणि स्टार्चच्या नोझल सेपरेटरमध्ये बाऊलच्या कडेवरची नोझल्स मागे वळवलेली असतात, ती याच कारणाने. दे लावाल यांनी १८८३ मध्ये क्रीम सेपरेटर फिरवायला जी वाफेची टर्बाइन केली तीही प्रतिक्रियेवरच चालायची. तेव्हा (घ) एकटा घेतला तर तो फार जुना.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती सोडवण्यासाठीच (ग) आणि (ङ) आले आहेत. साध्या विअरवर फ्लो वाढला तर पातळी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढते, कारण कडा लांब असते. भोकाचं तसं नसतं. चार भोकांतून १० घनमीटर काढायचे तर प्रत्येकी सुमारे ७० चौरस मिमी लागतात, म्हणजे साडेनऊ मिमीच्या आतबाहेर व्यास. त्याच भोकांतून फ्लो २० टक्के वाढवलात तर मागची उंची ४४ टक्के वाढते. १० मिमीची १४-१५ मिमी होते आणि पृष्ठभाग १०० वरून ९५ मिमीवर येतो. घन बाहेर पडण्याची त्रिज्या ९७ असेल तर द्रव केकच्या (वेगळ्या झालेल्या घनाच्या) तोंडाने बाहेर पडायला लागतो. साइटवर तक्रार येते ती "केक पातळ झाला" अशी, आणि ऑपरेटर बिचारा डिफरन्शियल (बाऊल आणि स्क्रोलच्या गतीतला फरक) कमीजास्त करत बसतो.

म्हणून पेटंटवाल्याने हाउसिंग वळवून पातळी लावायची सोय केली. ही त्याची भर आणि तेवढीच त्याची. तुमच्या ब्लॉकमध्ये ती सोय नसेल, तर त्यांच्या भरीचा फायदा तुम्ही घेतच नाही. फ्लो बदलला की ब्लॉक बदलावा लागतो, आणि प्लेट बदलून पातळी बदलणं हा डिकँटरमधला अगदी जुना रिवाज आहे. कुठल्याही जुन्या ऑपरेशन मॅन्युअलमध्ये विअर प्लेटच्या त्रिज्यांचा तक्ता सापडेल.

---

शिवाजीनगर_बार

वरचा मुद्दा कायद्यात बसवायचा तर १९१३ च्या जिलेट निकालातला बचाव: मी करतो ते जुनंच असेल, तर एक तर क्लेम त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचत असेल तर क्लेमच अवैध. समतुल्यतेचा ("मार्ग वेगळा पण काम तेच" या युक्तिवादाचा) ताण इतका देता येत नाही की त्यात आधीपासून सर्वांचं असलेलं तंत्र गिळलं जाईल. आपल्याकडे बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७८ चा निकाल आहे, भांडी घडवण्याच्या यंत्राबद्दलचा. माहीत असलेल्या वस्तूंची कारागिराला सहज सुचेल अशी जुळणी म्हणजे शोध नव्हे, आणि पेटंट मंजूर झालं म्हणजे त्याच्या वैधतेची हमी मिळाली असंही नव्हे, हे दोन्ही त्यात आहे.

जुनेपणाचा पुरावा गोळा करताना कलम ६४(१)(ई) नीट वाचा. छापील गोष्ट जगात कुठेही प्रसिद्ध झालेली चालते, पण नुसता वापर दाखवायचा असेल तर तो भारतातला लागतो. जर्मनीतल्या कारखान्यात मशीन चालत होतं, एवढं पुरत नाही. तेच मशीन अग्रक्रमाच्या (पेटंटच्या सगळ्यांत पहिल्या अर्जाच्या) तारखेआधी महाराष्ट्रातल्या एखाद्या डिस्टिलरीत बसलं असेल तर पुरतं. त्यासाठी बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद), कमिशनिंग रिपोर्ट आणि छपाईची तारीख असलेलं मॅन्युअल, तिन्ही एकाच सीरियल नंबरचं पाहिजे. तारीख नसलेलं ब्रोशर रद्दीत जमा.

आता डावपेच. मंजुरीच्या प्रसिद्धीला वर्ष उलटलं असेल तर पेटंट ऑफिसातला विरोध संपला. मग उरतात दोन वाटा: उच्च न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज, किंवा त्यांनी दावा लावल्यावर प्रतिदावा. २०१४ च्या अलॉयस वोबेन निकालानुसार या वाटा एकाच वेळी चालता येत नाहीत. कुठली घ्यायची ते आधी ठरवा.

भंगाचा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खाली लागत नाही. पुण्यात लागला आणि तुम्ही रद्द करण्याचा प्रतिदावा केलात की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जातं. अवैधतेचा मुद्दा कलम १०७ खाली फक्त बचाव म्हणून घेतलात तर ते शिवाजीनगरलाच (पुण्याच्या जिल्हा न्यायालयात) राहतं. खर्चात मोठा फरक पडतो, त्यामुळे सवयीने प्रतिदावा ठोकणारा वकील असेल तर त्याला कारण विचारा.

आणि कॅव्हेट ("आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका" असा कोर्टातला आगाऊ अर्ज) आजच लावा. ट्रेडमार्क कायद्यात वादीला स्वतःच्या गावात दावा लावता येतो, पेटंट कायद्यात ती सोय नाही. तुम्ही जिथे आहात किंवा जिथे माल विकलात, तिथेच. म्हणजे पुणे, आणि रेट्रोफिट ज्या ज्या जिल्ह्यात गेलं ते ठिकाण. दिल्लीत एक जरी सेट विकला असेल तर दिल्ली उच्च न्यायालयातही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, संपायच्या आत नवीन लावा. नाहीतर एकतर्फी मनाई आणि सोबत कोर्ट कमिशनर (पुरावे नोंदवायला कोर्टाने नेमलेला माणूस) कॅमेरा घेऊन दारात.

गिऱ्हाइकांना गेलेल्या प्रतीबद्दल: "आमचं अमुक पेटंट आहे" एवढंच कळवणं म्हणजे धमकी नव्हे. "वापरलंत तर कारवाई करू" ही मात्र धमकी, आणि ती तिसऱ्याला दिली तरी कलम १०६ खाली तुम्ही दावा लावू शकता. नोटिशीतली नेमकी वाक्यं बघूनच ठरवा.

---

क्लेमवाली

थोडी पुस्ती. १०६ ची घाई नको. त्यात समोरच्याने भंग सिद्ध केला तर डाव उलटतो. त्याआधी कलम १०५ चं पत्र पाठवा: तुमच्या ब्लॉकचं ड्रॉइंग आणि पूर्ण तपशील देऊन "हा भंग नाही असं लेखी मान्य करा" अशी मागणी. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर भंग नसल्याच्या घोषणेसाठी दावा लावता येतो. दोन तोटे आहेत. त्या दाव्यात पेटंटच्या वैधतेला हात लावता येत नाही आणि खर्च साधारणपणे दावा लावणाऱ्याच्याच माथी पडतो. तरी पत्राचा उपयोग असतो: समोरच्याला घटकवार बोलावं लागतं.

स्क्रोलचा आरोप पोकळ वाटतो. विकलेलं मशीन दुरुस्त करणं आणि पेटंट असलेली वस्तू नव्याने घडवणं, या वेगळ्या गोष्टी. पात्यांची कड झिजली, त्यावर हार्डफेसिंग केलं किंवा टाइल्स बदलल्या, तर ती दुरुस्तीच. शिवाय या क्लेममध्ये स्क्रोल फक्त "आहे" एवढाच उल्लेख आहे, शोध द्रवाच्या टोकाला. तुम्ही त्यांच्या मशीनचं वळणारं हाउसिंग हुबेहूब बनवून सुटा भाग म्हणून विकलं असतं तर मी एवढ्या खात्रीने बोलले नसते.

नावाचं मात्र सांभाळा. कोटेशनवर "अमुक मॉडेलला बसणारा" चालतं, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये त्याला जागा आहे. त्यांची नेमप्लेट नव्या भागावर ठोकणं चालत नाही.

ड्रॉइंग कॉपीचा आरोप हा स्वतंत्र, कॉपीराइटचा. तुम्ही मशीनवरून मापं घेऊन ड्रॉइंग केलं असेल तर मापांचे कागद जपून ठेवा. २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक ड्रॉइंगवरचा कॉपीराइट आणि डिझाइन कायदा यांची सीमा कशी तपासायची ते सांगितलं आहे. वकिलाला तो निकाल वाचायला सांगा.

---

भोसरी_शाफ्ट

सगळ्यांचे आभार. रजिस्टर पाहिलं, पेटंट जिवंत आहे, शुल्क भरलेलं आहे. परीक्षण अहवालाच्या उत्तरात "वळवता येणारं" हा शब्द खरंच नंतर आला आहे.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. ब्लॉकची बोल्टची भोकं गोल नाहीत, स्लॉट आहेत, १२ मिमी लांब, त्रिज्येच्या दिशेत. वेगवेगळ्या मशीनचं पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) थोडं इकडेतिकडे असतं म्हणून ठेवले होते. पण दोन साइटवर ऑपरेटर बोल्ट सैल करून ब्लॉक आतबाहेर सरकवतात आणि पाँड लावतात. यामुळे (ङ) लागू होतो का? आणि हातातल्या दोन ऑर्डरचं काय?

---

क्लेमवाली

बरं झालं आता सांगितलंत, कमिशनरसमोर निघालं असतं तर महागात पडलं असतं.

(ङ) म्हणतो "हाउसिंग वळवलं की" त्रिज्या बदलते. तुमचा ब्लॉक सरकतो, वळत नाही. शब्दशः भंग अजूनही नाही. पण पातळी लावायची सोय आता तुमच्याकडेही आली, त्यामुळे समतुल्यतेचा त्यांचा युक्तिवाद पहिल्यापेक्षा दमदार झाला. तुमच्या बाजूला परीक्षण अहवालाचं उत्तर आहे. "वळवता येणारं" हे त्यांनीच मर्यादा म्हणून स्वीकारलं. स्लॉटवर सरकणाऱ्या विअर प्लेटचा जुना छापील दाखला मिळाला तर हा मुद्दा जवळपास मिटतो. शोध त्या दिशेने वळवा.

सध्याच्या ड्रॉइंगला हात लावू नका. फाइलची तारीख बदलली की पुरावा नष्ट केल्याचा वास येतो. आहे ती रिव्हिजन गोठवून, तारखेसह पीडीएफ करून वकिलाकडे द्या. बदल करायचा तो नव्या रिव्हिजनमध्ये, आणि बदलाच्या रकान्यात तांत्रिक कारण लिहून.

ऑर्डर थांबवायच्या की नाही हा धंद्याचा निर्णय, पण एक हिशेब डोळ्यांसमोर असू द्या: पेटंट माहीत नव्हतं आणि माहीत असायला सबळ कारणही नव्हतं, असं सिद्ध केलंत तर कलम १११ नुकसानभरपाईतून वाचवतं. नोटीस मिळाल्यानंतरच्या विक्रीला ही ढाल उरत नाही.

---

स्क्रोल_आणि_बाऊल

तांत्रिक कारण हवंच असेल तर खरंखुरं उपलब्ध आहे. स्लॉट मुळातच धोक्याचा. एका ब्लॉकचा बोल्ट सैल राहिला आणि १.५ किलोचा ब्लॉक बाकीच्या तिघांपेक्षा १ मिमी बाहेर सरकला, तर ३,२०० आरपीएमला बेअरिंगवर सुमारे १७० न्यूटनचं फिरतं असंतुलित बल येतं. ऑपरेटरला ते द्रवाच्या बाजूच्या बेअरिंगच्या व्हायब्रेशनमध्ये दिसतं, आणि तो ग्रीस मारून मोकळा होतो. शिवाय चारही भोकं एका त्रिज्येवर नसतील तर सगळ्यांत बाहेरच्या भोकातून जास्त द्रव जातो, त्याची कड आधी झिजते.

नव्या रिव्हिजनमध्ये गोल भोकं, दोन डॉवेल पिन (ब्लॉकची जागा पक्की करणाऱ्या) आणि ठरावीक त्रिज्यांचे तीन वेगळे ब्लॉक करा: १०८, ११० आणि ११२ मिमी. प्रत्येक सेटमधले चार ब्लॉक एक ग्रॅमच्या आत जुळवा आणि सेट नंबर पंच करा, म्हणजे साइटवर मिसळणार नाहीत. मशीनचं पीसीडी जुळत नसेल तर मध्ये अडॅप्टर रिंग द्या. रिंगचं बॅलन्सिंग बाऊलवर बसवूनच करायचं, सुटं नाही. ज्या दोन साइटवर स्लॉटवाले ब्लॉक सरकवले जातात, तिथे नवे सेट देऊन जुने परत आणा आणि ते वितळवू नका, सीरियल नंबरसह वकिलाला दाखवायला ठेवा.